रीत दाखवा : त्वचेची सूज, जिवाणू आणि आपल्या रानातली औषधं

(म्हसावद येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथं जमलो आहोत, त्यांना मी पाहिलेलं नाही. पण त्यांचे विद्यार्थी माझ्याकडे उपचाराला येतात आणि गुरुजींचा विषय निघाला की एक गोष्ट सगळेच सांगतात. गणिताचं उत्तर बरोबर आलं तरी गुरुजी पूर्ण गुण देत नसत. वहीवर बोट ठेवून म्हणत, ‘उत्तर बरोबर आहे. आता रीत दाखव.’ आजच्या व्याख्यानाचा विषय मला त्यांच्याच या वाक्यानं दिला.

गेली अनेक वर्षं मी खानदेशात त्वचेचे रुग्ण तपासते. रोज कुणी ना कुणी विचारतं, ‘डॉक्टर, हळद लावू का? लिंबाचा पाला चालेल का?’ आपल्याकडे नुसतं लिंब म्हटलं तरी कडुनिंबच समजतात, इतका तो घरचा आहे. या प्रश्नाला ‘हो’ म्हणणं सोपं आहे आणि ‘नाही’ म्हणणंही सोपं आहे. दोन्ही उत्तरांत रीत नसते. ती रीत मला पुस्तकाआधी एका आजीनं शिकवली. तिथूनच सुरुवात करते.

म्हसावदहून राणीपूरमार्गे तोरणमाळला जाणारा रस्ता तुमच्या पायाखालचा आहे. त्या बाजूच्या एका पाड्यावर आम्ही तपासणीला गेलो होतो. एका पावरा आदिवासी घराच्या ओट्यावर चारेक वर्षांचं पोर बसलं होतं. बोटांच्या बेचक्यांत खरूज, खाजवून खाजवून त्यात पू झालेला आणि वर पिवळसर खपल्या. आजीनं पाट्यावर कडुनिंबाचा पाला आणि ओली हळद वाटून घेतली होती. मला वाटलं, आता ती सगळ्या हाताला लेप फासेल. तिनं तसं केलं नाही. आधी चिमूटभर लेप स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी मऊ असते तिथं लावला आणि चुलीपाशी जाऊन बसली. बराच वेळ गेल्यावर ती जागा उजेडात धरून पाहिली. मग पोराचा हात कोमट पाण्यानं धुतला, खपल्या भिजू दिल्या आणि लेप लावला तो एकाच बोटाला. ‘बाकीची?’ मी विचारलं. ‘उद्या,’ ती म्हणाली. ‘आणि बरं नाही वाटलं तर?’ तिनं तीन बोटं वर केली. ‘तीन दिवस. चौथ्या दिवशी खाली दवाखान्यात.’

आधी स्वतःच्या अंगावर चाचणी, मग थोड्या जागेवर सुरुवात, आणि केव्हा थांबायचं ते आधीच ठरवलेलं. मोठ्या रुग्णालयात आम्ही नवं औषध वापरतो तेव्हा याहून वेगळं काही करत नाही. त्या दिवशी पोराला आम्ही खरजेचं औषध दिलं, घरातल्या सगळ्यांनाही दिलं. पण आजीच्या रीतीला मनातल्या मनात पूर्ण गुण दिले.

आता त्या बोटांच्या बेचक्यांत काय चाललं होतं ते पाहू.

आपली कातडी रिकामी कधीच नसते. तिच्यावर आणि तिच्या छिद्रांत असंख्य जिवाणू राहतात आणि बहुतेक निमूटपणे राहतात. काही तर राखणदारी करतात. त्यांनी जागा धरली की बाहेरच्या घातक जिवाणूंना शिरकाव अवघड होतो. बिघाड होतो तो जागा चुकल्यावर किंवा वाट मिळाल्यावर. खाजवून कातडी फुटली, उसाचं पातं लागलं, काटा मोडला, की स्टॅफिलोकोकस किंवा स्ट्रेप्टोकोकस आत उतरतात. शरीर त्यांना ओळखतं. रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी धावत येतात, पाणी झिरपतं. म्हणून ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि दुखते. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससनं दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवली. आपल्याकडे सुश्रुतानं याच सुजेच्या तीन अवस्था सांगितल्या : आम, पच्यमान आणि पक्व. आजही आपण ‘गळू अजून कच्चं आहे’, ‘आता पिकलं’ असंच म्हणतो. एवढ्या शतकांत शब्द फारसे बदललेले नाहीत.

आपली भाषा या बाबतीत फार नेमकी आहे. ‘केसतोड’ हा शब्दच पाहा. केसाच्या मुळाशी जिवाणू शिरून जे गळू होतं ते केसतोड. कुठं सुरू झालं हे नावातच आहे. काखेत होते ती काखमांजरी. आणि तरुण मुलामुलींच्या चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांना सुश्रुतानं उपमा दिली ती शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या काट्यांची. सातपुड्यात फाल्गुनात लाल फुलांनी पेटलेली काटेसावर तुम्ही पाहिली आहे. तिच्या खोडावरचे बुडाशी जाड, टोकाला निमुळते काटे आठवा आणि मग मुरुमांनी भरलेला गाल आठवा. पाहणाऱ्याची नजर किती बारीक होती ते कळेल.

या पुटकुळ्यांमागे जो जिवाणू असतो तो आपल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असतो. त्याचं नाव क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस. २०१६ पर्यंत त्याला प्रोपिओनिबॅक्टेरियम म्हणत. त्याला हवा सोसत नाही, म्हणून तो छिद्राच्या खोल तळाशी राहतो आणि त्वचेच्या तेलावर जगतो. वयात येताना तेल वाढतं, छिद्राचं तोंड मेलेल्या पेशींनी बुजतं, आत कोंडलेल्या तेलात हा जिवाणू वाढतो. शरीराच्या पहारेकरी पेशी त्याला ओळखून हाकारा देतात आणि सूज येते. यात घाण किंवा अस्वच्छता असं काही नसतं. मुलींनो, मुलांनो, चेहरा दिवसातून दहादा घासून पुटकुळ्या जात नाहीत. घासल्यानं त्या वाढतात.

सूज आली म्हणजे जिवाणूच असतील असंही नाही. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर काम करणाऱ्या बायांचे हात संध्याकाळी भाजल्यासारखे लाल होतात. तो मिरचीतल्या कॅप्सेसिनचा दाह आहे, तिथं जिवाणू नाही. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून हाताला आधी गोडेतेल चोळून पुसायचं आणि मग साबणानं धुवायचं. पपईच्या बागेत तोडणी करताना चीक अंगावर उडतो. त्यातलं पपेन प्रथिनं विरघळवतं आणि आपली कातडी प्रथिनांचीच आहे. त्या चट्ट्यावर जिवाणूचं मलम लावून उपयोग नाही. चीक ताबडतोब भरपूर पाण्यानं धुवायला हवा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. रोग ओळखल्याशिवाय औषध शोधायचं नाही, ही रीतीची पहिली पायरी.

आता आपल्या औषधांकडे वळू. यांतल्या बऱ्याच गोष्टी महाराष्ट्रातच तपासल्या गेल्या आहेत आणि त्या आपल्याला ठाऊक असायला हव्यात.

हळद आधी घेऊ. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीनं जखम भरून आणण्याचं पेटंट मिळालं. आपल्या प्रत्येक घरातली आई जे करते, त्यावर कुणाचा तरी हक्क लागला. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्याला आव्हान दिलं. गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेला हा माणूस. त्यांनी भाषणं केली नाहीत, कागद पुढं ठेवले : ३२ संदर्भ, त्यांत १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. तिच्यातला धडा मात्र पुष्कळदा सांगायचा राहतो. पेटंट रद्द झालं कारण कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलं होतं. नुसतं ‘आमच्या आजीला माहीत होतं’ म्हणून ते रद्द झालं नसतं.

हळदीत खरोखर काय आहे? तिचा पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. प्रयोगशाळेच्या बशीत ते सूज पेटवणारे पेशींमधले संदेश दाबतं आणि काही जिवाणूंची वाढ रोखतं. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उजेडात लवकर मोडतं आणि पोटातून रक्तात फारच थोडं पोचतं. २०१७ मध्ये औषधरसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा कठोर आढावा घेतला. माणसांवरच्या शंभराहून जास्त चाचण्या झाल्या असूनही निर्विवाद यश देणारी एकही काटेकोर चाचणी त्यांना आढळली नाही. यावरून हळद निरुपयोगी ठरत नाही. तिचा उपयोग कशासाठी आणि किती, हे मोजायचं काम अजून शिल्लक आहे, एवढं त्यावरून कळतं. शिवाय बाजारातल्या हळदपुडीत मेटॅनिल यलोसारखा रंग मिसळलेला असू शकतो. जखमेवर लावायचीच असेल तर अख्खं हळकुंड स्वच्छ धुऊन उगाळा.

करंजाकडे या. नाल्याकाठचं हे झाड, त्याचं तेल खरजेला, नायट्याला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावतात. पुण्याच्या रानडे औद्योगिक संस्थेत डी. बी. लिमये यांनी १९२५च्या सुमारास या तेलातून एक स्फटिक वेगळा केला आणि त्याला नाव दिलं करंजिन. मराठी झाडाचं नाव जगाच्या रसायनशास्त्रात गेलं ते असं. साधनं तुटपुंजी होती, तरीही तेलातलं नेमकं काय, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

सोलापूरचं उदाहरण मला सर्वांत जवळचं वाटतं. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यविशारद एम. सुब्रमण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाच्या जखमांवर मध, दुसऱ्यावर तेव्हाचं नेहमीचं चांदीयुक्त मलम. मधाच्या गटात सात दिवसांत ९१ टक्के जखमा जिवाणूमुक्त झाल्या, मलमाच्या गटात ७ टक्के. १९९१ मध्ये हा अभ्यास ब्रिटिश शल्यचिकित्सा नियतकालिकात छापून आला. मध असं का करतो? तो इतका दाट असतो की जिवाणूच्या अंगातलं पाणी ओढून घेतो. तो आम्लधर्मी असतो. आणि मधमाशीनं त्यात मिसळलेलं विकर थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतं. रुग्ण मोजले, तुलना केली, दिवस लिहिले. आजीच्या बटव्यातली गोष्ट सोलापूरच्या वॉर्डात अशी रीतीनं मांडली गेली. मात्र रुग्णालयातला मध निर्जंतुक केलेला असतो. आग्या मोहोळाचा कच्चा मध खोल जखमेत भरायचा नाही आणि वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवायचाही नाही.

चौथं उदाहरण बावचीचं. कोडावर जिचं बी वापरतात ती बावची. १९६६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव, गोवर्धन मेहता आणि यू. आर. नायक यांनी तिच्या बियांतून बाकुचिऑल नावाचं द्रव्य शोधलं. आज जगभरच्या महागड्या सौंदर्यप्रसाधनांवर हे नाव छापलेलं असतं. ४४ जणांवर बारा आठवडे झालेल्या एका चाचणीत सुरकुत्या आणि डागांवर त्यानं रेटिनॉलइतकंच काम केलं आणि कातडी कमी सोलवटली. हे ऐकून घरी बावचीचं बी वाटून चेहऱ्याला लावाल तर घात होईल. त्याच बियांत सोरालेन असतं. ते लावून उन्हात गेलात तर कातडी भाजून फोड येतात. शोधलेलं द्रव्य आणि अख्खं बी, यांत एवढं अंतर असतं.

कडुनिंबाचंही तसंच. तमिळनाडूत १९९२ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात खरजेच्या ८१४ जणांना कडुनिंब-हळदीचा लेप लावला आणि ९७ टक्के लोक तीन ते पंधरा दिवसांत बरे झाल्याचं नोंदलं. आकडा मोठा आहे, आशा वाटावी असा आहे. पण लेप न लावलेला गट शेजारी नव्हता. म्हणजे उत्तर आलं, रीत अर्धी राहिली. दुसरीकडे मलेशियात लहान बाळांना कडुनिंबाचं तेल पाजल्यामुळे मेंदूला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. म्हणून हात जोडून सांगते, निंबाचं तेल बाळाला एक थेंबही पाजू नका. पाला, तेल, साल, बी यांना एकच समजू नका.

मग ‘नैसर्गिक’ आणि ‘इंग्रजी’ औषधांत भांडण आहे का? मला तसं वाटत नाही. मुरुमांवर आम्ही सॅलिसिलिक आम्ल देतो. त्याची सुरुवात विलो झाडाच्या सालीपासून झाली, १८२८ मध्ये औषधशास्त्रज्ञ बुखनर यांनी त्या सालीतून सॅलिसिन काढलं. अ‍ॅझेलेइक आम्लही मुरुमांवर देतात, आणि ते गहू-जवासारख्या धान्यांतही असतं. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये १२४ जणांवर टी ट्री तेल आणि बेंझॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली. दोन्हींनी पुटकुळ्या कमी झाल्या. तेलाला वेळ जास्त लागला, पण त्रास कमी झाला. त्या तेलाचं प्रमाण ५ टक्के होतं. बाटलीतलं निखळ तेल चेहऱ्यावर ओतायला कुणी सांगितलं नव्हतं. बेंझॉइल पेरॉक्साइड निसर्गातून आलेलं नाही, पण ते छिद्रात प्राणवायू सोडतं आणि हवा न सोसणारा जिवाणू मरतो. त्याला तोंड देणारी जात जिवाणूंना अजून बनवता आलेली नाही. प्रतिजैविकांच्या बाबतीत मात्र त्यांनी ती बनवली आहे, म्हणून नुसतं प्रतिजैविक मलम महिनोन्‌महिने चोळू नये.

आता मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट. आपल्या बाजारपेठांत ‘खाज, नायटा, मुरूम, गोरेपण’ सगळ्यासाठी एकच ट्यूब मिळते. तिच्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र असतं. दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते, चेहरा उजळतो. का? स्टेरॉइड शरीराच्या पहारेकऱ्यांना झोपवतं. सूज उतरते, पण जिवाणू आणि बुरशी तिथंच निवांत वाढतात. कॉलेजात जाणारी एक मुलगी माझ्याकडे ओढणीनं तोंड झाकून आली होती. आठ महिने अशी ट्यूब लावलेली. गालांची कातडी कागदासारखी पातळ, आतल्या लाल रेषा दिसत होत्या, आणि ट्यूब बंद केली की आग भडके. तिला बरं व्हायला वर्ष लागलं. त्या वर्षात ती एकाही लग्नाला गेली नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये टाकलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा झाला आहे. चिठ्ठी मागणारं गिऱ्हाईक आणि चिठ्ठी पाहणारा दुकानदार तयार करणं आपलं काम आहे. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर विचारल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका.

घरी काय करावं, ते थोडक्यात. फुटलेली कातडी साबण आणि स्वच्छ पाण्यानं धुवा. कच्चं गळू पिळू नका. कोमट पाण्याचा फडका दिवसातून तीन-चार वेळा ठेवा, पिकलं तर ते आपोआप वाट काढेल. कुठलाही लेप आधी कोपराच्या आत लावून एक दिवस पाहा. तोंडावर शेण, राख, चुना, टूथपेस्ट नको. लाली पसरत असेल, ताप असेल, गळू डोळ्याभोवती किंवा नाकाजवळ असेल, मधुमेह असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लहान मुलाच्या अंगावर पिवळ्या खपल्यांचे फोड येऊन गेल्यावर काही आठवड्यांत चेहरा सुजला किंवा लघवी चहासारखी झाली, तर एक क्षणही थांबू नका. स्ट्रेप्टोकोकसची ती झळ मूत्रपिंडाला लागलेली असते. पाड्यावरच्या खरजेकडे साधी गोष्ट म्हणून पाहायचं नाही, ते याचसाठी.

शेवटी मागणं एकच. २००२च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक गावाला लोक जैवविविधता नोंदवही करण्याचा अधिकार आणि जबाबदारी दिली आहे. पुष्कळ गावांत ती वही कोरी आहे, किंवा बाहेरच्या कुणीतरी भरून दिली आहे. म्हसावदच्या शाळा-महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी ती खरी भरावी. सातपुड्यातल्या आजी-आजोबांकडे जा, त्यांची परवानगी घ्या, आणि झाडाचं पावरी, भिली, अहिराणी, गुजरी नाव लिहा. कोणता भाग, कोणत्या महिन्यात, किती, कशात वाटून, कशावर, किती दिवस आणि केव्हा थांबायचं, तेही लिहा. कुणाला उपयोग झाला नाही तेही प्रामाणिकपणे लिहा. ज्यांनी सांगितलं त्यांचा त्यावरचा हक्कही लिहून ठेवा. हळदीच्या लढाईत आपल्याला असेच कागद उपयोगी पडले.

त्या पाड्यावर मी पुन्हा गेले तेव्हा पोराचे हात स्वच्छ होते. कशानं बरं झालं, माझ्या औषधानं की तिच्या लेपानं, असं मी आजीला विचारलं. ती म्हणाली, ‘दोन्ही लावलं, आता कसं सांगू?’ इतकं सरळ उत्तर मी मोठ्या परिषदांतही क्वचितच ऐकलं आहे. जे तपासलं नाही ते ठामपणे सांगायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गुरुजी असते तर म्हणाले असते, ‘बाई, तुझी रीत बरोबर आहे.’